रात्रपाळी, मिक्सर आणि पाढे: मुलं घरी शिकत असताना घर कसं चालवायचं

होमस्कूलिंगची चौकशी करायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "गणित कोण शिकवतं?" गणिताचं होतं हो काहीतरी. पुस्तक आहे, फोन आहे, समोरच्या बिल्डिंगमध्ये निवृत्त बाई आहेत. अवघड असतं ते सकाळी साडेनऊला मिक्सर लावायचा की नाही हे ठरवणं. आतल्या खोलीत नवरा रात्रपाळी करून झोपलेला, हॉलमध्ये सासूबाईंचा जप चालू, धाकटा मोठ्याने वाचतोय कारण त्याला अजून मनात वाचता येत नाही, मोठीला शांतता हवी, आणि मला गुरुवारपर्यंत चार ब्लाउज द्यायचेत. शिकणं काय ते यातूनच काढायचं. म्हणून इथे अभ्यासाबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त लिहिणार आहे.

आमचं थोडक्यात सांगते, म्हणजे तुमच्या घराशी ताडून पाहता येईल. आम्ही नाशिकला, सातपूर भागात राहतो. हॉल, किचन आणि एक बेडरूम. नवरा एमआयडीसीत, तिन्ही शिफ्टमध्ये, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मी घरीच शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. मोठी मुलगी तेरा वर्षांची आहे. २०२० साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती तिसरीत होती. घरात फोन एकच, तोही नवऱ्याबरोबर कामावर जायचा. ऑनलाइन तासांची वाट न बघता आम्ही आमच्या पद्धतीने सुरुवात केली आणि शाळा उघडल्यावर ते मोडावंसं वाटलं नाही. धाकटा आठ वर्षांचा, तो शाळेत गेलेलाच नाही.

वेळापत्रक कशाभोवती बांधायचं

पहिली सूचना ही की शाळेचं वेळापत्रक घरी आणू नका. आठ ते साडेआठ मराठी, साडेआठ ते नऊ गणित, असा तक्ता भिंतीवर लावला की पहिल्याच दिवशी सव्वाआठला गॅस सिलिंडरवाला येतो, मग नणंदेचा फोन येतो, आणि दुपारपर्यंत आई अपराधी आणि मुलं खूश.

त्याऐवजी घरात कुणालाही हलवता न येणाऱ्या गोष्टी कोणत्या, त्या आधी लिहून काढा. आमच्या घरात त्या अशा: नवऱ्याची शिफ्ट, सासूबाईंच्या तीन वेळच्या गोळ्या, दोन वेळचा स्वयंपाक, माझे मशीनवरचे दोन तास, आणि संध्याकाळी सातपासून सासूबाईंच्या मालिका. यांच्यामध्ये ज्या फटी उरतात, त्यात अभ्यास बसवायचा. फटी भरपूर असतात. आठ वर्षांच्या मुलाला बैठा अभ्यास दिवसाला दीड तासाच्या वर लागत नाही, हे माझं ठाम मत आहे. शाळेत पाच-सहा तास जातात ते हजेरी, रांगा, वही काढणं, वही तपासणं आणि साठ मुलांना गप्प करणं यात. मोठी साधारण तीन तास बसते, पण ती आता आपलं आपण ठरवते. रविवारी रात्री वहीत आठवड्याचं लिहून मला दाखवते, मी फक्त "हे जास्त होतंय" किंवा "इंग्रजी कुठाय?" एवढं म्हणते.

तासांची नावं आम्ही घड्याळावरून ठेवलेलीच नाहीत. "चहानंतर", "पोळ्यांच्या वेळी", "आजी झोपल्यावर". धाकट्याला घड्याळ नीट कळत नव्हतं तेव्हाही "पोळ्यांच्या वेळी पाढे" हे कळायचं. मी लाटते, तो ओट्याशी स्टुलावर बसून म्हणतो, चुकला की मी न बघता सांगते. हात मोकळे लागत नाहीत असे सगळे विषय स्वयंपाकात घ्या: पाढे, कविता, स्पेलिंग, मोठीने वाचून दाखवलेला इतिहास. वहीचं काम मात्र ओट्यापाशी नको. तेलाचा डाग पडतोच.

आवाजांची यादी करा

ही युक्ती मला कुठेही वाचायला मिळाली नव्हती आणि आमच्या घराला सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडली. एका कागदावर घरातले सगळे आवाज लिहा. मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, मोटारीचं शिलाई मशीन, वॉशिंग मशीनचं पिळणं, टीव्ही, देवाची घंटा, दाराची बेल, मोठ्याने वाचन, भांडण. प्रत्येकापुढे लिहा की हा कधी चालेल आणि कधी अजिबात चालणार नाही.

आमच्याकडे रात्रपाळी बारा ते सातची. नवरा साडेसातला घरी येतो, अंघोळ, नाश्ता, आणि साडेआठला झोपतो तो अडीचपर्यंत. म्हणजे त्या आठवड्यात साडेआठच्या आत सगळं आवाजाचं काम उरकायचं. चटणी, दोन्ही वेळचं वाटण, आमटीसाठी डाळ आणि भात, एका कुकरमध्ये. घंटा आणि आरतीही तेवढ्यात. साडेआठनंतर फक्त तवा, आणि तवा बिचारा मुका आहे. बेलचं बटण बंद करून दारावर "बेल वाजवू नका, टकटक करा" अशी चिठ्ठी. चिठ्ठी धाकट्याच्या अक्षरात आहे, त्यामुळे कुरिअरवाल्यांना रागही येत नाही.

मग साडेआठ ते साडेअकरा हा आमचा मुका अभ्यास. चित्र, शुद्धलेखन, मोठीचं बीजगणित, नकाशा भरणं, पेन्सिलीने सोडवायची उदाहरणं. धाकट्याचं प्रकट वाचन जिन्यात होतं. आजी वरच्या पायरीवर, तो खालच्या. शेजारच्या मजल्यावरच्यांना सवय झाली आहे. एखाद दिवशी तो अडला तर वरून जाताजाता कुणीतरी शब्द सांगून जातं.

शिफ्ट बदलते तसा दिवस बदलतो, म्हणून आम्ही एकाऐवजी तीन दिवस आखलेले आहेत.

रात्रपाळीचा आठवडा वर सांगितला तसा: सकाळी मुका अभ्यास, साडेअकरानंतर मुलं घराबाहेर. भाजी, गिरणीवर दळण, मोठीचं पोस्टात जाणं. त्यातला एक दिवस सिटीलिंकच्या बसने गावात सार्वजनिक वाचनालयात. १८४० सालची संस्था आहे ही. मुलांना तिथे सोडून मी शेजारच्या बाजारातून अस्तर, हुक आणि दोऱ्याच्या रिळा आणते. एका फेरीत दोघांचंही काम.

पहिली पाळी, सात ते साडेतीन, हा आमचा चैनीचा आठवडा. सकाळी घर मोकळं, आवाजाला मोकळीक, म्हणून कविता, नाटकं, रेडिओ, मशीन सगळं तेव्हा. आणि चारला बाबा घरी, त्यामुळे सहल याच आठवड्यात.

दुसरी पाळी, साडेतीन ते बारा. यात सगळ्यात मोठा धोका हा की बाबा आणि मुलांची भेट सकाळीच होते आणि सकाळीच मी त्यांना अभ्यासाला बसवलेलं असतं. म्हणून त्या आठवड्यात अभ्यास दुपारी चारला सुरू होतो. सकाळ बाबांची. ते तिघं काय करतात त्यात मी पडत नाही. सायकलचं पंक्चर काढतात, पंखा पुसतात, कधी नुसते लोळतात. नवऱ्याला मायक्रोमीटर आणि व्हर्नियर कॅलिपर हाताळायची रोजची सवय. एकदा त्याने जुना व्हर्नियर आणला तर धाकट्याने घरातल्या प्रत्येक चमच्याची जाडी मोजून भिंतीवर यादी लावली. ही यादी अजून तिथेच आहे आणि ती काढायला बंदी आहे.

"आई, भूक लागली"

शाळेतल्या मुलांना डबा असतो. घरातल्या मुलांना फ्रिज असतो. यावर उपाय केला नाही तर दिवसाचे दोन तास खाण्यात आणि त्यानंतरच्या भांड्यांत जातात.

आमचा नियम साधा आहे. सकाळी दोघांचे दोन डबे भरून ओट्यावर ठेवायचे. शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, मुरमुरे, एखादं फळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं, कारण तेव्हा नाशिकला द्राक्षं खाल्ली नाहीत तर पाप लागतं. डबा कधी खायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. नऊला संपवला तर जेवणापर्यंत पाणी. धाकटा सुरुवातीला नऊलाच संपवायचा आणि मग आजीकडे जाऊन केविलवाणं तोंड करायचा. आजी विरघळायची. शेवटी आजीलाही सांगावं लागलं की डब्याबाहेर काही द्यायचं नाही. त्यांनी ऐकलं असं मी म्हणणार नाही, पण आता निदान गुपचूप देतात.

कामाची वाटणी करताना "मदत" म्हणून करू नका. मदत म्हटलं की काम आईचं राहतं आणि मुलं उपकार करतात. ताटं घेणं, आपलं ताट घासणं, मेथी-कोथिंबीर निवडणं, पाणी भरणं हे धाकट्याचं काम आहे, ते नाही झालं तर जेवण पाच मिनिटं थांबतं, आरडाओरडा नाही. मोठी बुधवारी दुपारचं जेवण एकटीने करते. बहुतेक वेळा खिचडी आणि कढी, कधी पिठलं. बुधवारी मी किचनमध्ये पाय ठेवत नाही. मीठ कमी असलं तरी बोलायचं नाही, मीठ ताटात वाढून घ्यायचं.

आणि "कंटाळा आला" असं जो म्हणेल त्याला लसूण सोलायला मिळतो. आमच्याकडे सोललेला लसूण कमी पडत नाही.

गळ्यात टेप असेल तेव्हा

घरून काम करणाऱ्या बाईला घरातले कामावर समजत नाहीत, मुलं तर नाहीच नाही. दार बंद करायला माझ्याकडे दुसरी खोली नाही. म्हणून खूण ठरवली. गळ्यात इंची टेप असला की मी आई नाही. रक्त, आग किंवा गिऱ्हाईक, या तिन्हींपैकी काही असेल तरच हाक मारायची. बाकी सगळं आधी मोठीला, मग आजीला, मग स्वतःच्या डोक्याला विचारायचं. रोजचे हे दोन तास, सहसा दुपारी अडीच ते साडेचार. रात्रपाळीच्या आठवड्यात नवरा उठल्यावर मशीन सुरू होतं, इतर आठवड्यांत सासूबाई झोपतात तेव्हा मी फक्त कापते, हुक लावते, हात-शिलाई करते.

खूण काहीही ठेवा, ओढणी, बिल्ला, टेबलावरचा दिवा. पण ती उतरवल्यावर मात्र खरंच उतरवा. टेप काढला की मी पाच मिनिटं काहीही न करता बसते आणि दोन तासांत साठलेले प्रश्न ऐकते. ही पाच मिनिटं दिली नाहीत तर दुसऱ्या दिवशी टेपला कुणी विचारत नाही.

याच टेपने अपूर्णांक शिकवले. ब्लाउज कापताना कापड दुमडलेलं असतं, त्यामुळे छातीच्या मापाचा चौथा भाग घ्यावा लागतो. छाती चौतीस, चौथा भाग साडेआठ, वर सैलपणाला अर्धा इंच आणि शिलाईत दाबायला दीड इंच. झाले साडेदहा. मोठी हे कागदावर भागाकार मांडून करत होती. सासूबाई चौथी पास. त्यांनी जपाची माळ न थांबवता म्हटलं, "चौतिसाची पावकी साडेआठ, त्यात काय लिहायचं?" त्यांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, सगळे पाठ करून घेत. पाव इंच, पाऊण मीटर, सव्वा मीटर यांचं रोजचं काम असलेल्या घरात यापेक्षा उपयोगाचं पाठांतर दुसरं नाही. तेव्हापासून अपूर्णांक हा विषय आजीकडे आहे.

आजीला काय सांगायचं, काय नाही

यावरून सासूबाईंचा मुद्दा आलाच. घरात ज्येष्ठ असतील तर दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे त्यांना दिवसभर "जरा मुलांकडे बघा" म्हणणं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणालाही दिवसभर बघायला लावू नये. दुसरी म्हणजे त्यांना काहीच न विचारणं. मग त्या नातेवाइकांना फोनवर "मुलांना सध्या सुट्टी आहे" असं सांगत राहतात, वर्षानुवर्षं.

त्यांना नेमून दिलेलं, वेळेत संपणारं आणि खरोखर गरजेचं काम द्या. आमच्या आजींकडे अपूर्णांक आणि जिन्यातलं वाचन. बदल्यात धाकट्याकडे त्यांच्या गोळ्यांची जबाबदारी. रविवारी तो आठवड्याच्या डबीत गोळ्या भरतो, मी तपासते. सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधीची-नंतरची, पाकिटात किती उरल्या आणि किती दिवस पुरतील. मेडिकलमध्ये चिठ्ठी घेऊन तो आजीबरोबर जातो. हिशोब, वाचन, जबाबदारी, सगळं त्या डबीत आहे. पण मी तपासते हे पुन्हा सांगते. औषधांच्या बाबतीत मुलाच्या कौतुकाला जागा नाही.

सातनंतर टीव्ही त्यांचा. त्या वेळी हॉलमध्ये कुणी अभ्यासाची वही उघडायची नाही आणि "आवाज कमी करा" म्हणायचं नाही. त्यांनी दिवसभर आमचं ऐकलेलं असतं.

दोन भावंडं चोवीस तास

शाळेत जाणारी भावंडं निदान सहा तास एकमेकांपासून सुटतात. इथे सुटका नाही. म्हणून रोज एक तास एकमेकांचं तोंड बघायचं नाही असा नियम आहे. कुणी कुठे जायचं हे आधी ठरतं. तेरा वर्षांच्या मुलीला तर स्वतःची जागा लागतेच, घर केवढंही असो. आम्ही बाल्कनीत पत्र्याची पेटी ठेवली, तिच्यावर गादीचा तुकडा टाकला आणि जुन्या साडीचा पडदा शिवला. पडदा ओढलेला असेल तर बाहेरूनच बोलायचं, हे मलाही लागू आहे.

मैत्रीचं म्हणाल तर संध्याकाळी सहाला सोसायटीतली सगळी मुलं खाली असतात, तिथे कोण कुठल्या शाळेचं हे कुणी विचारत नाही. धाकट्याला तेवढं पुरतं. मोठीला पुरत नाही. तिला वर्गातल्या मैत्रिणींची आठवण येते, कधीकधी फार येते. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. शनिवारी ती चित्रकलेच्या वर्गाला जाते, तिथे दोघी जवळच्या झाल्या आहेत. शिवाय दर मार्चमध्ये आम्ही दोघांनाही विचारतो, जूनपासून शाळा हवी का. विचारण्यापुरतं विचारत नाही. हो म्हणाली तर घालायची तयारी आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळू शकतो, त्यामुळे दार बंद झालं या भीतीने कुणी घरी अडकून राहायचं कारण नाही.

सहल करा, पण एकच गोष्ट बघून या

पहिल्या पाळीच्या आठवड्यात बाबा आले की आम्ही कधी पांडवलेण्यांवर जातो. चोवीस लेणी आहेत, पण आम्ही एका वेळी एकच बघतो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचे पराक्रम तिने कोरून घेतले. "आईने लिहिलंय म्हणजे स्तुती असणारच," असं मोठी म्हणाली. इतिहास असा वाचता आला की मला पुरे. मग घरी आल्यावर जोगलटेंभीची गोष्ट निघाली. सिन्नर तालुक्यातल्या या गावात १९०६ साली त्याचा शत्रू नहपान राजा याची चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव झाला याचा हा मोठा पुरावा.

पुन्हा ठसा मारला म्हणजे नेमकं काय, हे धाकट्याला कळेना. मी रात्रीच्या पोळ्यांची कणीक मळत होते. त्याला एक गोळा दिला. त्याने आधी पाच रुपयांचं नाणं दाबलं, मग त्यावरच थोडं तिरकं दोन रुपयांचं. दोनचा आकडा वर उठला आणि खाली पाचाची कड अर्धवट दिसत राहिली. तो बराच वेळ दिव्याजवळ धरून बघत होता. अशा एका फेरीवर आमचा पुढचा आठवडा निघतो: चित्र, चार ओळी लेखन, नकाशात पैठण आणि जुन्नर शोधणं. एका दिवसात चोवीस लेणी बघितली असती तर फक्त पाय दुखले असते.

लोकांना उत्तर देण्यात वेळ घालवू नका

बसमधला कंडक्टर, वॉचमन, बँकेतल्या बाई, सगळे विचारतात, "आज शाळा नाही का?" मुलांना एकच वाक्य शिकवलंय: "आम्ही घरी शिकतो." त्यापुढे समजावत बसायचं नाही. लग्नकार्यात एखादे काका अडवून "सतराचा पाढा म्हण बघू" म्हणतात. तेव्हा मी मध्ये पडते. "काका, पंगत बसलीय, जेवून घ्या आधी." शाळेत जाणाऱ्या मुलांना कुणी मांडवात परीक्षा द्यायला लावत नाही.

पैशाचं एवढंच सांगते. फी, व्हॅन, गणवेश वाचतो. पण माझी शिलाई निम्म्यावर आली आहे. दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडून मगच निर्णय घ्या.

लग्नसराई आणि ताप

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे रांग लागते ती थेट मेपर्यंत. मग आमचं शैक्षणिक वर्ष मी कॅलेंडरवर न टाकता पावसावर टाकलं. जून ते सप्टेंबर कामही कमी आणि बाहेर जाणंही कमी, तेव्हा नवीन सगळं शिकायचं. लग्नसराईत फक्त सराव, वाचन आणि मुलांना स्वतःहून करता येईल तेवढं. तुमच्या घरात गर्दीचा काळ कोणता ते ओळखा. कुणाचा मार्च एंड असेल, कुणाचा द्राक्षांचा हंगाम, कुणाचा गणपतीच्या मूर्तींचा. त्या काळात नवीन धडा सुरू करू नका.

आई आजारी पडली तर काय, याची तयारी ठेवाच. आमच्याकडे एका खोक्यावर "आईला ताप" असं लिहिलेलं आहे. त्यात न वाचलेली दोन गोष्टींची पुस्तकं, कोडी, कोरे कागद, आणि मोठीच्या अक्षरात तीन जेवणांचं सोपं लिखाण: किती तांदूळ, किती डाळ, किती शिट्ट्या. खोकं एरवी उघडायचं नाही. न उघडल्यामुळेच त्याला किंमत आहे.

मला न येणारा अभ्यास मी ओढूनताणून शिकवत नाही. बीजगणित समोरच्या निवृत्त बाई मंगळवारी आणि शुक्रवारी घेतात, त्यांच्या आणि त्यांच्या सुनेच्या साड्यांना फॉल-पिको मी करून देते. त्या पैसे घेत नाहीत, मीही घेत नाही, आणि दोघींना वाटतं आपलाच फायदा झाला. पुस्तकं बालभारतीचीच वापरतो, त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपवर धड्याचे व्हिडिओ उघडतात. फोन रात्री नऊ ते सकाळी नऊ सासूबाईंच्या उशाखाली. तिथून काढून आणायची कुणाची हिंमत नाही.

कागदांची फाइल

शेवटी रुक्ष पण सगळ्यात गरजेचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात घरी शिकवण्याचा उल्लेख नाही. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना दंड सांगितलेला नाही. हे माहीत असू द्या, म्हणजे कुणी घाबरवलं तर घाबरायचं किती ते कळेल.

दहावीसाठी दोन ओळखीचे रस्ते आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून शाळेतून काढताना तो मूळ दाखला हातात घेतल्याशिवाय निघू नका. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत, किमान पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे एकेक-दोनदोन विषय करून सोडवता येतात. माध्यम मराठीही घेता येतं. आठवीचा दाखला नसेल तर एवढं शिक्षण झाल्याचं स्वतःचं लेखी निवेदन चालतं, हे धाकट्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. मोठी एनआयओएसमधून देणार आहे. शिवण हा विषय नको म्हणून तिने आधीच बजावलंय.

फाइलमध्ये जन्मदाखले, आधार, मोठीचा शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, लसीकरणाची कार्डं, आणि रोजनिशीच्या वह्या. रोजनिशी म्हणजे दिवसाला एकच ओळ: आज काय वाचलं, काय केलं. "१३ चा पाढा, गिरणीवर अडीच किलोचा हिशोब, भांडण." रोज रात्री मोठी लिहिते. पुढे शाळेत घालायची वेळ आली तर मुख्याध्यापकांसमोर ठेवायला तेवढं असतं. आणि महिना वाया गेला असं वाटायला लागलं की मीही तीच वही काढून बसते. फाइलची झेरॉक्स माझ्या भावाकडे माहेरी ठेवली आहे. मूळ फाइल लोखंडी कपाटात, सासूबाईंच्या लग्नातल्या शालूच्या खाली, आणि किल्ली कुठे असते ते मोठीला माहीत आहे.